उजव्या हातात ग्रेनेड फुटला, मग गड्यानं डाव्या हातानं दोन ऑलिम्पिक गोल्ड मारले

मोटिव्हेशनल रील्स बघणाऱ्यांच्या समोरून ही स्टोरी एकदा तरी गेलेली असते. हंगेरीचा एक सैनिक. पिस्तूल शूटिंगमध्ये एक नंबर. उजव्या हातात ग्रेनेड फुटतो, करिअर संपतं. मग तो डाव्या हातानं सराव करतो आणि थेट ऑलिम्पिकचं गोल्ड घेऊन येतो. तीस सेकंदात स्टोरी संपते आणि बोट पुढच्या रीलवर सरकतं.

त्याचं नाव इंग्रजी स्पेलिंगवरून बऱ्याचदा कॅरोली टाकाक्स असं लिहिलं जातं. हंगेरियन उच्चार मात्र कारोय टाकाच.

आता या तीस सेकंदांत त्याची जिद्द दिसते, हे खरंच. पण पिस्तूल शूटिंगमध्ये हात बदलायचा म्हणजे नेमकं काय काय बदलायचं, हे कुणी सांगत नाही. ते कळलं की टाकाचनं काय करून ठेवलंय, याचा खरा अंदाज येतो.

तर सुरुवातीपासून बघू.

पहिला अडथळा ग्रेनेडचा नव्हता, रँकचा होता

टाकाचचा जन्म २१ जानेवारी १९१० चा, बुडापेस्टचा. पुढं तो हंगेरीच्या सैन्यात गेला आणि तिथं त्याचं पिस्तूल बोलायला लागलं. १९३६ पर्यंत त्याचं नाव जगातल्या चांगल्या पिस्तूल शूटर्समध्ये घेतलं जात होतं. त्याच वर्षी बर्लिनला ऑलिम्पिक होतं. टाकाच जाणार, असंच कुणालाही वाटलं असतं.

पण गडी सार्जंट होता. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर हवालदार. आणि हंगेरीच्या सैन्याचा नियम असा होता की ऑलिम्पिकच्या शूटिंग टीममध्ये फक्त कमिशन्ड ऑफिसरच जाणार. झालं, टाकाच घरी राहिला. त्याच्या प्रकारात, म्हणजे रॅपिड फायर पिस्तूलमध्ये, गोल्ड आणि सिल्व्हर दोन्ही जर्मनीनं नेलं.

बर्लिननंतर हा नियम उठला. पुढचं ऑलिम्पिक १९४० ला होणार होतं, आधी टोकियोला ठरलेलं आणि नंतर हेलसिंकीला हलवलेलं. टाकाच तयारीला लागला.

१९३८ मध्ये सैन्याच्या ट्रेनिंगमध्ये एक खराब ग्रेनेड त्याच्या उजव्या हातातच फुटला. ज्या हातानं तो नेम धरायचा, त्याच हाताचा चुराडा झाला. वय २८.

महिनाभर तो दवाखान्यात होता. बाहेर आल्यावर त्यानं कुणाला फारसं न सांगता डाव्या हातात पिस्तूल घेतलं.

पण डाव्या हातात पिस्तूल घेणं एवढं अवघड का?

आधी त्याचा खेळ समजून घ्यायला पाहिजे. रॅपिड फायरमध्ये शूटरपासून २५ मीटरवर पाच टार्गेट्स शेजारी शेजारी असतात. पिस्तूल एकाच हातात धरायचं, हात सरळ ठेवायचा आणि खाली झुकवून थांबायचं. इशारा झाला की हात वर आणायचा आणि पाच टार्गेट्सवर पाच गोळ्या मारायच्या. आधी ८ सेकंदांत, मग ६ सेकंदांत आणि शेवटी फक्त ४ सेकंदांत. अशा एकूण ६० गोळ्या, प्रत्येकी जास्तीत जास्त १० गुण, म्हणजे ६०० पैकी स्कोअर.

चार सेकंदांत पाच गोळ्या म्हणजे विचार करायला वेळच नाही. हात वर आला की साइट आपोआप डोळ्यासमोर यायला पाहिजे. आणि हे सगळ्यात जास्त अवलंबून असतं पिस्तुलाच्या मुठीवर, म्हणजे ग्रिपवर.

शूटिंगच्या पिस्तुलाची ग्रिप सिनेमातल्या पिस्तुलासारखी सपाट नसते. ती बहुतेक लाकडाची असते आणि तळहाताला बसेल अशी कोरलेली असते. अंगठ्याला टेकायला जागा, बोटांना खाचा, तळहाताखाली एक छोटी फळी. शूटर कानस घेऊन ती घासतात, कुठं कमी वाटलं तर लांबी भरतात आणि परत घासतात. महिनोन् महिने हे चालतं, कारण प्रत्येकाचा हात वेगळा असतो. अशी उजव्या हाताची ग्रिप डाव्या हातात बसतच नाही. उजवा बूट डाव्या पायात घालण्यातला प्रकार.

पुढचा मुद्दा डोळ्याचा. आपल्या दोन डोळ्यांपैकी एक डोळा मुख्य असतो. उजव्या हाताच्या माणसांत तो बहुतेक वेळा उजवाच असतो. आता पिस्तूल डाव्या हातात गेलं की एकतर मान थोडी वळवून उजव्या डोळ्यासमोर साइट आणायची, नाहीतर डाव्या डोळ्याला नव्यानं शिकवायचं.

मग येतो ट्रिगर. बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर ठेवून तो सरळ मागं ओढायचा असतो. किंचित बाजूला ढकलला गेला तरी नळी हलते. साधा हिशोब आहे. मागची आणि पुढची साइट एकमेकींपासून २२ सेंटिमीटरवर असेल आणि पुढची साइट फक्त १ मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी ११ सेंटिमीटरपेक्षा जास्त लांब जाते. आजच्या टार्गेटवर मधोमध जाणारी गोळी तेवढ्यानं १० वरून ८ वर येते.

त्यात बहुतेक पिस्तुलं उजव्या हाताच्या हिशोबानं बनलेली. गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी उजवीकडं उडते. डाव्या हातानं मारणाऱ्याच्या बाबतीत ती त्याच्या तोंडासमोरून जाऊ शकते. पाय ठेवायची पद्धत, खांद्याचा कोन, हात वर आणण्याचा वेग, हेही सगळं उलटं करावं लागतं.

म्हणजे टाकाचनं फक्त हात बदलला नाही. वर्षानुवर्षं अंगात भिनलेली एकेक सवय मोडून ती उलट्या बाजूनं पुन्हा बसवली.

आणि मग १९३९ आलं

वर्षभरातच, १९३९ च्या वसंतात, हंगेरीची राष्ट्रीय पिस्तूल स्पर्धा होती. असं सांगतात की टाकाच तिथं दिसल्यावर बाकीचे शूटर त्याच्याजवळ आले, हाताबद्दल हळहळले आणि अशा अवस्थेतही मॅच बघायला आल्याबद्दल त्याचं कौतुक केलं. मॅच बघायला नाही, खेळायला आलोय, हे त्यानं सांगितल्यावर सगळे गार झाले.

ती स्पर्धा त्यानं जिंकली. त्याच वर्षी वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकणाऱ्या हंगेरीच्या टीममध्येही तो होता.

पण आता हात तयार होता तर जग तयार नव्हतं. दुसरं महायुद्ध सुरू झालं. १९४० चं ऑलिम्पिक रद्द, १९४४ चंही रद्द. ज्या वयात शूटर जोरात असतो, ती वर्षं युद्धानं खाल्ली.

१९४८ ला लंडनचं ऑलिम्पिक झालं. शूटिंगच्या मॅचेस लंडनजवळच्या बिस्लीला होत्या. टाकाच तेव्हा ३८ वर्षांचा होता. गोल्डचा दावेदार होता अर्जेंटिनाचा कार्लोस एन्रिके दियास सायेंस व्हॅलिएंते, आदल्या वर्षीचा वर्ल्ड चॅम्पियन. मॅचआधी त्यानं टाकाचला इथं कशाला आलास असं विचारलं आणि शिकायला आलोय, असं उत्तर टाकाचनं दिलं, असा किस्सा आहे.

निकाल लागला. टाकाच ५८०, व्हॅलिएंते ५७१. नवा वर्ल्ड रेकॉर्ड, तोही डाव्या हातानं. मेडल घेताना व्हॅलिएंतेनं त्याला तुझं शिकून झालेलं दिसतंय, अशा अर्थाचं काहीतरी सुनावलं म्हणतात.

चार वर्षांनी ऑलिम्पिक हेलसिंकीला गेलं. तेच हेलसिंकी, जिथं युद्धामुळं १९४० चं ऑलिम्पिक होऊ शकलं नव्हतं. तिथं ४२ वर्षांच्या टाकाचनं ५७९ मारले आणि पुन्हा गोल्ड घेतलं. एका गुणानं मागं, ५७८ वर, हंगेरीचाच १७ वर्षांचा सिलार्ड कुन होता. हा पोरगा टाकाचच्याच हाताखाली शिकलेला.

रॅपिड फायर पिस्तूलमध्ये लागोपाठ दोन ऑलिम्पिक गोल्ड जिंकणारा टाकाच पहिला शूटर ठरला. १९५६ ला मेलबर्नला तो आठवा आला. १९५८ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये त्यानं ब्राँझ मिळवलं, तेव्हा तो ४८ वर्षांचा होता. ज्याला सार्जंट म्हणून घरी बसवलं होतं, तो सैन्यातून लेफ्टनंट कर्नल होऊन निवृत्त झाला. पुढं त्यानं कोचिंग केलं. ५ जानेवारी १९७६ ला बुडापेस्टमध्ये त्याचं निधन झालं.

आज पिस्तूल घेताना काय बघतात?

आज डाव्या हाताची ग्रिप वेगळी मिळते, लहान-मोठ्या साइजमध्ये मिळते. ट्रिगर पुढं-मागं सरकवता येतो, नळीला वजनं लावता येतात, साइट बदलता येते. वजन वाढवलं की पिस्तूल स्थिर राहतं आणि कमी उसळतं, पण एका टार्गेटवरून दुसऱ्यावर नेताना जड जातं. त्यामुळं दुसऱ्याचं चांगलं सेटिंग आपल्याला चालेलच असं नाही.

मनाला येईल तसे बदलही चालत नाहीत. २५ मीटर रॅपिड फायरचं पिस्तूल १४०० ग्रॅमपेक्षा जड नको. ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा पाहिजे. अख्खं पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. ग्रिप कितीही कोरा, पण तिचा आधार मनगटाला मिळता कामा नये. म्हणजे पिस्तूल हाताला बसवून घ्या, पण हात स्थिर ठेवायचं काम शेवटी हातानंच करायचं.

आपल्याकडं २५ मीटर पिस्तूल म्हटलं की कोल्हापूरच्या राही सरनोबत आठवतात, २०१८ च्या एशियन गेम्सच्या गोल्डवाल्या. आणि टाकाचच्याच प्रकारात, लंडनच्याच २०१२ च्या ऑलिम्पिकमध्ये, भारताला सिल्व्हर मिळालं होतं. ते जिंकणारे विजय कुमार भारतीय सैन्यातले. रँक, सुभेदार.

१९३६ चा हंगेरीचा तो नियम आपल्याकडं असता, तर कमिशन्ड ऑफिसर नाहीत म्हणून त्यांनाही ती मॅच टीव्हीवरच बघावी लागली असती.