वाकण्याचं गणित आणि न वाकलेला माणूस

स्ट्रेंग्थचं पुस्तक उघडलं की टिमोशेन्को भेटतातच! जन्म 1878, युक्रेन. 1911 मध्ये शिक्षणमंत्र्यांविरुद्धच्या निषेधपत्रावर सही केली म्हणून कीव्हच्या पॉलिटेक्निकमधली नोकरी गेली. त्याच वर्षी बकलिंगवरच्या कामाला झुराव्स्की पारितोषिक मिळालं, तेवढाच घराला आधार.

1922 मध्ये ते अमेरिकेत गेले. 1925 मध्ये त्यांनी दोन धातूंच्या जोडपट्टीचं गणित मांडलं. तापल्यावर एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी. मग पट्टी वाकते. कॉम्पोझिट प्लेटच्या थर्मल बकलिंगमध्येही हाच पेच: थर वेगवेगळे, तापमान वाढलेलं, कडा जखडलेल्या. पसरायला जागा नाही, मग प्लेट बाक धरते.

1972 मध्ये ते वारले. वाकण्याचं गणित जगाला शिकवलं, पण स्वतः मंत्र्यापुढे वाकले नाहीत.