बेंजामिन जोवेट : चाळीस पौंडांचे अध्यासन

प्लेटोचे संवाद आपल्याकडील अनेक वाचकांनी प्रथम इंग्रजीतून वाचले आणि त्या इंग्रजी आवृत्तीवर पुष्कळदा बेंजामिन जोवेट यांचे नाव असे. अनुवादक म्हणून सर्वपरिचित असलेल्या या विद्वानाने अध्यापक म्हणून काय सोसले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

जोवेट यांचा जन्म १५ एप्रिल १८१७ रोजी लंडनमधील कँबरवेल येथे झाला. घरची स्थिती बेताचीच होती. सेंट पॉल्स शाळेतून शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डच्या बेलियल महाविद्यालयात आले आणि पदवी मिळण्यापूर्वीच, १८३८ मध्ये, तेथील अधिछात्र म्हणून निवडले गेले. १८४२ पासून ते तेथेच अध्यापन करू लागले. १८५४ मध्ये महाविद्यालयाच्या प्रमुखपदाची निवडणूक झाली, तेव्हा त्यांना डावलून सुप्रसिद्ध ग्रीक शब्दकोशाचे एक कर्ते रॉबर्ट स्कॉट यांची निवड झाली.

पुढील वर्षी जोवेट ग्रीकचे राजनियुक्त प्राध्यापक झाले. त्याच वर्षी सेंट पॉलच्या पत्रांवरील त्यांचे भाष्य प्रसिद्ध झाले व सनातनी धर्मपंडितांचा रोष ओढवला. १८६० च्या ‘एसेज अँड रिव्ह्यूज’ या संग्रहातील त्यांच्या निबंधाने तो अधिकच भडकला. ग्रंथ कोणताही असो, लिहिणाऱ्याला जो अर्थ अभिप्रेत होता तो आधी शोधावा, नंतरच्या पंथोपपंथांनी चढविलेली पुटे दूर सारावीत आणि बायबलही याला अपवाद मानू नये, असे त्यांचे प्रतिपादन होते. १८६३ मध्ये त्यांच्यावर कुलगुरूंच्या न्यायालयात फिर्याद झाली. ती पुढे चालली नाही. परंतु शिक्षा वेगळ्या वाटेने चालूच होती. अध्यासनाचे वार्षिक वेतन अवघे ४० पौंड होते आणि ते वाढविण्याचे प्रस्ताव विरोधक हाणून पाडीत. अखेर १८६५ मध्ये क्राइस्ट चर्चने ते ५०० पौंड केले. मधली दहा वर्षे जोवेट यांनी अध्यापनात खंड पडू दिला नाही.

१८७० मध्ये ते बेलियलचे प्रमुख झाले व १८७१ मध्ये प्लेटोच्या संवादांचा अनुवाद चार खंडांत प्रकाशित झाला. प्रत्येक संवादाला त्यांनी प्रस्तावना व आशयाचे विश्लेषण जोडले. मूळ ग्रीकशी हा अनुवाद सर्वत्र काटेकोर नाही, हा आक्षेप खोटा नव्हे; पण ग्रीक न जाणणाऱ्या वाचकाला सलग वाचता येईल असा प्लेटो त्यामुळे लाभला. १८९२ च्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत ते तो सुधारीत राहिले. थ्यूसिडिडीझ (१८८१) व ॲरिस्टॉटलचे राज्यशास्त्र (१८८५) यांचे अनुवादही त्यांचेच. १८८२ ते १८८६ या काळात ते विद्यापीठाचे कुलगुरू होते.

हिंदुस्थानाशी त्यांचा संबंध दुहेरी आहे. सनदी सेवेसाठी स्पर्धापरीक्षा सुचविणाऱ्या १८५४ च्या मेकॉले समितीचे ते सदस्य होते. त्या समितीने ग्रीक व लॅटिन यांना प्रत्येकी ७५० गुण ठेवले, तर संस्कृत व अरबी यांना प्रत्येकी ३७५. वशिल्याची जागा गुणवत्तेने घेतली खरी. पण ती गुणवत्ता ऑक्सफर्डच्या मापाने मोजलेली होती. उलटपक्षी, नाशिकला जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये ऑक्सफर्डला आल्या, तेव्हा त्यांना जोवेट यांचा आधार मिळाला. १८९२ मध्ये विशेष ठरावाने त्या तेथील कायद्याच्या परीक्षेस बसल्या; अशी परवानगी मिळालेल्या त्या पहिल्याच स्त्री होत.

१ ऑक्टोबर १८९३ रोजी जोवेट यांचे निधन झाले. त्यांच्या अनुवादाची जागा पुढे अधिक अचूक अनुवादांनी घेतली. प्राचीन ग्रंथ त्याच्या कर्त्याच्या आशयाने वाचावा, हा ज्यासाठी त्यांनी दहा वर्षे अल्प वेतनावर काढली तो आग्रह मात्र आज अभ्यासाची सर्वमान्य रीत झाला आहे.