किती लाइन टाकायच्या? एर्लांगना विचारा!

सोसायटीतल्या १०० घरांना प्रत्येकी १०० एमबीपीएसचं फायबर देताना कंपनी मागे १०,००० एमबीपीएसची लाइन टाकत बसत नाही. सगळे एकाच क्षणी डाउनलोड करत नाहीत ना! हा हिशोब आग्नर क्रारुप एर्लांग यांच्यापासून सुरू होतो.

जन्म १८७८, डेन्मार्क. वडील शाळामास्तर, आणि गणित शिकून हेही काही वर्षं मास्तरच. १९०८ मध्ये ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत लागले. तिथला पेच असा: लाइन कमी टाकल्या तर लोकांचे कॉल लागत नाहीत, जास्त टाकल्या तर महागडी तार नुसती पडून राहते. मोजमापासाठी एर्लांग शिडीवाला कामगार सोबत घेऊन रस्त्यावरच्या मॅनहोलमध्ये उतरायचे. (आपण डॅशबोर्ड उघडतो!) १९१७ मध्ये त्यांनी सूत्र मांडलं. कॉल किती येतात, सरासरी किती वेळ चालतात आणि लाइन किती, एवढं कळलं की शंभरातले किती कॉल परत जातील ते आधीच काढता येतं.

१९२९ मध्ये, अवघ्या ५१व्या वर्षी ते गेले. पुढे १९४६ मध्ये टेलिफोन ट्रॅफिकच्या एककाला त्यांचं नाव मिळालं: एक लाइन तासभर सलग बिझी, म्हणजे त्या तासात १ एर्लांग ट्रॅफिक. व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हर ज्या प्रोग्रॅमिंग भाषेवर उभे राहिले, तिचं नावही एर्लांगच.