नारायण मेघाजी लोखंडे आणि गिरणीच्या दारातला तपासनीस

रविवारची सुट्टी आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कोणीतरी मिळवून दिली असेल हे मनातही येत नाही. विश्रामबागेत रविवारी सकाळी उशिरा उठणाऱ्या आपल्या विद्यार्थिबंधूंना नारायण मेघाजी लोखंडे हे नाव एखाद्या वेळी परीक्षेच्या टिपणांतून भेटलेले असते. पण त्या सुट्टीमागे जर्मनीचा बादशहा, मँचेस्टरचे व्यापारी, मुंबईचे गिरणीमालक आणि महालक्ष्मीच्या मैदानात जमलेले दहा हजार कामगार एवढी मंडळी उभी आहेत, हे टिपणांत नसते.

लोखंडे यांचा जन्म १८४८ चा, ठाण्याचा. घर माळी समाजातले आणि गरिबीचे. मॅट्रिकपर्यंत शिक्षण झाल्यावर त्यांनी रेल्वेत व टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे मुंबईत मांडवीच्या एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. ही नोकरी मला फार महत्त्वाची वाटते. स्टोअरकीपर हा ना धड साहेब, ना धड कामगार. मालाचा हिशेब त्याच्या हाती, आणि तो माल तयार करणारी माणसे किती वाजता आत शिरतात व कोणत्या अवस्थेत बाहेर पडतात, हेही त्याच्या डोळ्यांदेखत. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र बंद पडल्यावर १८८० मध्ये लोखंड्यांनी ते मुंबईत पुन्हा चालू केले. गुरूंवर निष्ठा असली तरी संपादकाची सावधगिरी त्यांनी सोडली नाही. जोतीरावांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली दोन प्रकरणे छापून त्यांनी पुढची छापणे थांबविले, आणि जोतीराव त्यांच्यावर रागावले.

त्या काळच्या गिरणीचे घड्याळ म्हणजे सूर्य. उजेड पडला की भोंगा आणि उजेड सरला की सुटका. त्यामुळे उन्हाळ्यात कामाचा दिवस लांबे. आत कापसाची धूळ, उकाडा, कोंदट हवा. पगार महिना उलटून गेला तरी हाती पडत नसे. लहान मुले मोठ्यांच्या बरोबरीने राबत. १८७५ मध्ये मुंबई सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले, पण कायद्याची गरज नाही असेच त्यातील बहुमताला वाटले. सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी १८७८ मध्ये कायद्याचा मसुदा तयार केला, तो सरकारने मांडू दिला नाही. अखेर १८८१ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत पहिला फॅक्टरी कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवू नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांहून अधिक राबवू नये, यंत्रांना कठडे असावेत, एवढाच त्याचा आवाका. बायकांविषयी आणि प्रौढ पुरुषांविषयी त्यात अक्षर नव्हते.

कायद्याची खरी परीक्षा पुढेच होती. शंभरांहून कमी माणसे असलेला किंवा वर्षात चार महिन्यांहून कमी चालणारा कारखाना कायद्याच्या दृष्टीने कारखानाच नव्हता. खानदेशातले कापसाचे जिन हंगामापुरते चालत आणि तिथे पहाटेपासून रात्री दहापर्यंत बायका राबत. तिथे कायदा पोचतच नव्हता. आणि जिथे पोचत होता तिथे तपासणी करायची कोणी? जिल्ह्याचे कामच ज्याला पुरे होते, त्या कलेक्टराच्या गळ्यात हे आणखी एक लोढणे बांधलेले. म्हणून १८८२ मध्ये मीड किंग नावाचे अनुभवी फॅक्टरी इन्स्पेक्टर विलायतेतून मुंबईस आणविले गेले. तपासणी हीसुद्धा एक विद्या आहे आणि ती एका देशातून दुसऱ्या देशात उसनी नेता येते, असे आपल्याकडे बहुधा तेव्हा पहिल्यांदाच दिसले. मीड किंग यांनी उणिवा दाखविल्या, आणि १८८४ मध्ये मुंबई सरकारने दुसरे कमिशन नेमले.

इथे लोखंडे पुढे आले. कमिशनपुढे मालक बोलणार, डॉक्टर बोलणार, अधिकारी बोलणार, कामगाराचे काय? १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज कमिशनकडे दिला. आठवड्यातून एक दिवस रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत, आणि कामात जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन, अशा त्यातील मागण्या होत्या. आज त्या किती माफक वाटतात! पण तेव्हा सरकारने त्या बासनात गुंडाळून ठेवल्या.

आता या कथेतील अवघड भाग. हिंदुस्थानात कडक फॅक्टरी कायदा व्हावा म्हणून विलायतेत जोराने ओरड करणाऱ्यांत लँकेशायरचे गिरणीवाले पुढे होते. मुंबईचे स्वस्त सूत त्यांना सलत होते. लॉर्ड शाफ्ट्सबरींसारखे खरे कळवळ्याचे लोकही होते, परंतु दया आणि व्यापार यांची तिथे गाठ पडली होती. त्यामुळे ‘केसरी’सह राष्ट्रीय बाण्याच्या पत्रांनी या कायद्यास विरोध केला, देशी उद्योग मारण्याचा हा डाव आहे असे त्यांचे म्हणणे. ते सर्वस्वी खोटे होते असे कोण म्हणेल? पण लोखंडे ज्या बाजूने पाहत होते, तिथून मँचेस्टरचा हेतू दुय्यम ठरत होता. कापसाच्या धुळीत बारा-तेरा तास उभ्या असलेल्या बाईला, कायदा मागणाऱ्याचे मन किती शुद्ध आहे याच्याशी काय कर्तव्य? तरीही केवळ परक्यांच्या दडपणावर ते विसंबून राहिले नाहीत. मागणी इथल्या कामगारांच्या सह्यांनिशी गेली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता, आणि त्यांचे मोठेपण मला यातच दिसते.

१८९० हे साल निर्णायक ठरले. मार्च महिन्यात कैसर दुसरा विल्यम याने बर्लिनला युरोपातील राष्ट्रांची कामगारविषयक परिषद बोलाविली. आठवड्याची सुट्टी, बायकांना अकरा तासांची मर्यादा, मुलांना संरक्षण अशा शिफारशी तिथे झाल्या. त्याहून लक्षणीय ठराव अंमलबजावणीचा होता. प्रत्येक राष्ट्राने मालक आणि कामगार या दोहोंपासून स्वतंत्र असे जाणकार तपासनीस नेमावेत, आणि त्यांचे वार्षिक अहवाल राष्ट्रांनी एकमेकांना पाठवावेत, असे तिथे ठरले. ते ठराव कोणावर बंधनकारक नव्हते. पण शेजाऱ्याने आपला अहवाल वाचायचा म्हटले की कारभाऱ्याची मान जरा ताठ होते. (बरोबर शंभर वर्षांनी, १९९० मध्ये, हॉलंडमधील उट्रेख्ट येथे पर्यावरणाच्या कायद्यांची अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्यांची आंतरराष्ट्रीय बैठक झाली. तिथला प्रश्नही मुळात हाच होता. कृष्णेच्या पाण्यावर मेलेले मासे तरंगू लागले की सांगलीकर ज्याची चौकशी करतात, तोही हाच तपासनीस.)

बर्लिनचे पडसाद लंडनमार्गे कलकत्त्यास पोचले. इकडे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर लोखंड्यांनी दहा हजार कामगारांची सभा घेतली. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलल्या. १८९० साली, उघड्या मैदानावर! १० जून रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. कायदा अजून व्हायचा होता. त्याच वर्षी नेमलेल्या फॅक्टरी कमिशनवर मुंबईतर्फे सहसभासद म्हणून लोखंड्यांचीच नेमणूक झाली. ज्यांचा अर्ज सहा वर्षांपूर्वी बासनात पडला, ते आता साक्षी ऐकणाऱ्यांत बसले. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची केली, बायकांना अकरा तास व नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सात तास ही मर्यादा घातली, पन्नास माणसांचा कारखाना कायद्याखाली आणला, आणि हवा, पाणी, स्वच्छता यांविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला.

पुरुषांच्या तासांना मात्र मर्यादा आली नाही. गिरण्यांत विजेचे दिवे आले तेव्हा सूर्यास्ताचाही आधार गेला आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. कायदा सर्रास मोडला जातो, हे १९०८ च्या कमिशनला स्पष्ट दिसले. कापड गिरण्यांतील पुरुषांना बारा तासांची मर्यादा १९११ मध्ये मिळाली. गिरण्यांच्या धुरासाठी मुंबईत वेगळा कायदा व्हायला १९१२ साल उजाडले. शिवाय हे सारे ब्रिटिश मुलखापुरते. आपली सांगली पटवर्धनांच्या संस्थानात. जवळची किर्लोस्करवाडी १९१० मध्ये उभी राहिली ती औंध संस्थानात. मुंबई-कलकत्त्याचा कायदा संस्थानच्या हद्दीशी येऊन आपोआप थांबत असे. प्रदूषण असो की मजुरी, हद्दीपलीकडे गेले की कायद्याचे हात आखडतात, याचा हा घरचाच दाखला.

लोखंड्यांची इतर कामे सांगायची तर लेख लांबेल. विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्यांनी न्हावी मंडळींना संघटित केले. १८९३ च्या हिंदु-मुसलमान दंग्यानंतर राणीच्या बागेत ऐक्याची सभा घेतली. १८९५ मध्ये सरकारने त्यांना रावबहादुर केले. १८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेग शिरला. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. लोखंडे रुग्णांसाठी इस्पितळ उभारण्याच्या खटपटीत राहिले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते वारले. महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या. लोखंड्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट भारत सरकारने २००५ मध्ये काढले. टपाल खात्यात त्यांनी एके काळी नोकरी केली होतीच.