दुर्बल अर्भकांचा कैवारी : डॉ. प्येर ब्यूदँ

सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, पण आठव्या महिन्यात जन्मलेले जगत नाही, अशी एक समजूत आपल्याकडील जुन्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली. सुईण, जिला आमच्या गोमंतकात वैजीण म्हणत, तीही हेच सांगत असे. नवल असे की, प्राचीन ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांतही हीच समजूत आढळते. ती खरी नाही. आईच्या उदरात जितके आठवडे अधिक मिळतील, तितके मूल अधिक बळकट होते. परंतु अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाचे जगणे-मरणे सर्वांनी दैवावर सोपविले होते, आणि जे दैवावर सोपविले ते कोणी मोजून पाहत नाही. म्हणून ही समजूत टिकून राहिली. ते मोजून पाहण्याचे काम ज्यांनी आयुष्यभर केले, अशा एका फ्रेंच वैद्याचे चरित्र विद्यार्थिमित्रांना थोडक्यात सांगावे, असा या लेखाचा हेतू आहे.

प्येर ब्यूदँ यांचा जन्म १८४६ साली नोव्हेंबर महिन्यात, पॅरिसच्या उत्तरेकडील वाझ प्रांतातल्या एका लहानशा खेड्यात झाला. वैद्यकाच्या शिक्षणासाठी ते पॅरिसला आले व प्रसूतिशास्त्र हा त्यांनी आपला विषय ठरविला. तो काळ फ्रान्सला मोठा कठीण होता. १८७०-७१ च्या युद्धात जर्मनांकडून पराभव झालेला, देशातील जन्माचे प्रमाण घटत चाललेले, आणि जन्मलेल्या मुलांपैकी सुमारे सहांतील एक मूल पहिला वाढदिवस पाहण्यापूर्वीच दगावत असे. मुलांना जगविणे हा केवळ आईबापांचा नव्हे, तर राष्ट्राचा प्रश्न होऊन बसला होता.

ब्यूदँ यांना गुरू लाभले ते स्तेफान तार्निए. मातेर्निते या पॅरिसमधील गरिबांच्या मोठ्या सूतिकागृहाचे ते प्रमुख होते. गुरूंच्या सूचनेवरून तरुण ब्यूदँ यांनी एक साधा वाटणारा प्रश्न तपासावयास घेतला : मूल जन्मल्यावर नाळ केव्हा बांधावी? तत्काळ, की थोडे थांबून? त्यांनी अनेक प्रसूतींच्या वेळी नाळेतून निघणारे रक्त भांड्यात धरून मोजले. काही मिनिटे थांबल्यास सरासरी ९२ घन सेंटिमीटर अधिक रक्त बालकाच्या अंगात जाते, असे त्यांना आढळले. नवजात बालकाच्या अंगात एकंदर रक्त ते किती! त्यात एवढ्याशा विलंबाने पडणारी ही भर काही थोडी नव्हे. हा निष्कर्ष १८७५ साली प्रसिद्ध झाला. पुढे कित्येक दशके डॉक्टरांनी नाळ लगबगीने बांधण्याचाच परिपाठ ठेवला; परंतु आज जागतिक आरोग्य संघटना किमान एक मिनिट तरी थांबावयास सांगते.

इकडे तार्निए यांचे लक्ष एका निराळ्याच गोष्टीने वेधले होते. पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांची अंडी उबविण्याची यंत्रे त्यांनी पाहिली. उबेने अंड्यातले पिलू वाढते, तर उबेअभावी मरणारे मानवी अर्भक का वाचू नये? ती यंत्रे तयार करणाऱ्या कारागिराकडूनच त्यांनी एक मोठी लाकडी पेटी बनवून घेतली. तिला दुहेरी भिंती होत्या. खालच्या कप्प्यात गरम पाण्याची टाकी व वरच्या कप्प्यात अर्भके, अशी योजना होती. १८८० च्या सुमारास ही पेटी मातेर्नितेत आली. त्यापूर्वी दोन किलोग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या शंभर अर्भकांपैकी ६६ दगावत. पेटीच्या वापरानंतर ही संख्या ३८ वर आली. आज आपण जिला काचेची पेटी म्हणतो, तिची ही पूर्वज होय.

येथे एखाद्यास वाटेल की प्रश्न सुटला. पेटी मिळाली, मूल वाचले! ब्यूदँ यांचे मोठेपण असे की, प्रश्न सुटलेला नाही हे त्यांनी ओळखले.

१८९२ साली पॅरिसच्या शारिते रुग्णालयात असताना त्यांच्या ध्यानात आले की, आपल्या हातून सुखरूप जन्मलेली मुले घरी गेल्यावर काही महिन्यांत अतिसाराने मरतात. सूतिकागृहाचे दार ओलांडले म्हणजे वैद्याची जबाबदारी संपली, अशी तेव्हाची रीत होती. ब्यूदँ यांनी ती मोडली. बाळंतीण घरी गेल्यावरही तिने ठरावीक दिवशी मुलाला घेऊन यावे, मुलाचे वजन करावे, ते वहीत मांडावे व वैद्याचा सल्ला घ्यावा, असा उपक्रम त्यांनी सुरू केला. आईने अंगावर पाजावे यावर त्यांचा सर्व भर असे. जिला दूध पुरत नसेल तिला बाटल्यांतून निर्जंतुक केलेले गाईचे दूध, मोजून दिलेल्या प्रमाणात, मिळे. एक तराजू, एक वही व उकळलेले दूध, एवढ्या साध्या सामग्रीवर हा दवाखाना उभा होता. दोन वर्षांनी, १८९४ मध्ये, फेकां या बंदरगावी लेओं द्युफूर या वैद्याने ‘दुधाचा थेंब’ या अर्थाच्या नावाची दूध वाटपाची संस्था काढली. या दोन्ही नमुन्यांवर फ्रान्समध्ये व बाहेरही बालकांचे दवाखाने निघाले. आज आपल्या आरोग्य केंद्रात बाळाला वजनाच्या काट्यावर ठेवून त्याची नोंद करतात, तेव्हा याच परंपरेचा धागा पुढे चालतो.

१८९५ साली ब्यूदँ मातेर्नितेचे प्रमुख झाले. तेथे मादाम आंरी या प्रमुख सुइणीच्या खटपटीने १८९३ मध्येच दुर्बल अर्भकांसाठी स्वतंत्र दालन उघडले होते. साऱ्या पॅरिसमधून अपुऱ्या दिवसांची मुले तेथे आणली जात. कितीएक हिवाळ्याच्या थंडीत, पुरेशा आवरणावाचून येत. पेट्या सज्ज असूनही मृत्यू थांबत नव्हते. ब्यूदँ यांनी प्रत्येक अर्भकाचे वजन, आल्या वेळचे तापमान व शेवट, यांच्या नोंदी समोर मांडल्या. तेव्हा दिसून आले की, ज्यांचे अंग आधीच फार गारठलेले असे, त्यांतील क्वचितच एखादे वाचे. पेटीची ऊब खरी, पण ती वेळ टळल्यावर मिळत होती. ऊब द्यावयाची ती जन्मल्या क्षणापासून, हा धडा त्यांनी यातून घेतला.

अशा अर्भकाचे शत्रू तीन, असे त्यांनी सांगितले : गारठा, आहारातील चूक आणि संसर्ग. आहाराची गोष्ट विशेष नाजूक होती. किलो-दीड किलोच्या बालकाला चोखण्याची शक्ती नसते. दूध अधिक झाले तर अपचन. कमी पडले तर अंग निळे पडून श्वास अडखळे. म्हणून त्यांनी दूध थोडे थोडे, पुनःपुन्हा व मोजून द्यावे असे ठरविले. चोखता येत नसेल तर चमच्याने, तेही न साधल्यास बारीक रबरी नळीने पोटात सोडावे. मूल किती प्याले हे कळण्यासाठी पाजण्यापूर्वी व नंतर त्याला तोलावे. संसर्गावर उपाय म्हणून आजारी अर्भके निरोगी अर्भकांपासून वेगळी ठेवावीत, असा त्यांचा कटाक्ष असे.

परंतु त्यांचे सर्वांत मार्मिक निरीक्षण अर्भकासंबंधी नव्हे, आईसंबंधी आहे. मूल दालनात पेटीत, आई दूर आपल्या घरी. असे काही आठवडे गेले की आईचे दूध आटे आणि मनही आटे. ज्याला तिने छातीशी धरले नाही, पाजले नाही, ते मूल तिला परके वाटू लागे. काही माता तर मूल न्यावयास परतही येत नसत. यंत्राने वाचविलेले मूल अशा रीतीने अनाथ होई. ब्यूदँ यांनी त्या गरीब स्त्रियांना दोष दिला नाही. व्यवस्थेतला दोष शोधला. पेटीला काचेच्या बाजू असाव्यात, म्हणजे आईला मूल दिसेल, असा त्यांचा आग्रह असे. आईने येऊन स्वतः पाजावे. मुलाला ओढून पिण्याचे बळ येईपर्यंत दूध आटू नये, म्हणून एखादे सशक्त मूल तिच्या अंगावर पाजावे, असाही उपाय त्यांनी सुचविला. तार्निए १८९७ साली निवर्तले. पुढील वर्षी त्यांच्या नावाच्या प्रसूतिचिकित्सालयाची धुरा ब्यूदँ यांच्याकडे आली. तेथे पेटी आईच्या खाटेशेजारीच ठेवण्याची पद्धत त्यांनी पाडली.

१९०० साली त्यांची व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. अंगावर पिणाऱ्या बालकांविषयीचा हा ग्रंथ नवजातांच्या वैद्यकात आधारभूत गणला जातो. १९०२ मध्ये बालमृत्यूविरोधी संघ स्थापन करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. १९०७ च्या जानेवारीत मार्सेय येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय साठ वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले.

यापुढची कथा थोडी खेदाची आहे. जगाने ब्यूदँ यांची पेटी घेतली, पण पेटीशेजारची आई घेतली नाही. पेटीतील अर्भके प्रदर्शनांतून तिकीट लावून दाखविली जाऊ लागली. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर तर १९०३ पासून १९४३ पर्यंत जत्रेच्या गर्दीत हा प्रकार चालला. त्यात पुष्कळ मुले वाचली हेही खरे. परंतु ती पाहावयास येणारे होते परके लोक. पुढे रुग्णालयांतून अशा अर्भकांसाठी सुसज्ज विभाग निघाले, तेव्हा संसर्गाच्या भयाने आईलाच दाराबाहेर ठेवण्यात आले.

सत्य मात्र फार काळ दाराबाहेर राहत नाही. १९७८ च्या सुमारास कोलंबिया देशातील बोगोता शहरी पेट्या अपुऱ्या पडल्या. तेव्हा तेथील डॉक्टरांनी अर्भक आईच्या उघड्या छातीशी, कांगारूच्या पिलाप्रमाणे, बांधून ठेवण्यास सुरुवात केली. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उघडली. एका मातेचे अधिक झालेले दूध दुसरीच्या दुर्बल बाळाला मिळू लागले. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतील एका मोठ्या संशोधनाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एक ते १.८ किलो वजनाच्या बालकांना, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मताच आईच्या छातीशी ठेवले असता पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू सुमारे पाव हिश्श्याने घटले. त्यासाठी आईची खाट अर्भकांच्या अतिदक्षता विभागातच मांडावी लागली. ब्यूदँ यांनी पेटी खाटेशी नेली होती. सव्वाशे वर्षांनी खाट पेटीशी आली.

विद्यार्थिमित्रांनो, ब्यूदँ यांनी कोणताही मोठा चमत्कार केला नाही. त्यांनी तोलले, मोजले, लिहून ठेवले, आणि वहीतले आकडे पाहताना त्या आकड्यांमागच्या आईला दृष्टीआड होऊ दिले नाही. आपल्या घरी वा शेजारी एखादे सातमासी बाळ आले, तर वडीलधारी मंडळी हळहळतील, कोणी सातव्या-आठव्या महिन्याची गोष्टही काढील. त्या वेळी त्यांना नम्रपणे इतके अवश्य सांगा : बाळाला उबेत ठेवा, हात स्वच्छ धुऊनच त्याला शिवा, विनाविलंब डॉक्टरांकडे न्या, आणि त्याच्या आईला त्याच्यापासून दूर करू नका.