गटप्रमुख होण्यापूर्वी : मा. एकनाथजींची ओळख

परीक्षा संपल्या आहेत. दिल्लीत ऊन तापू लागले आहे आणि तुम्ही नववी ते बारावीतली मुलेमुली नोएडा, गुरुग्राम, गाझियाबादहून मेट्रो बदलत शिबिराच्या प्रशिक्षणाला येत आहात. शाळांना सुट्टी लागली की आठ-दहा वर्षांच्या मुलांचा एकेक गट तुमच्या हाती येईल. त्यांना प्रातःस्मरणाला उठवायचे, सूर्यनमस्कार करून घ्यायचे, खेळातली भांडणे सोडवायची, भजनसंध्येला मांडी घालून बसवायचे आणि रात्री एखाद्याला आईची आठवण आली तर दिवा मालवला तरी त्याच्याजवळ बसून राहायचे. स्वतःच्या खोलीतली चादर अजून आईच घडी घालते, असेही तुमच्यात काहीजण असतील. हे आपल्याला जमेल का, अशी शंका मनात येत असेल तर ती स्वाभाविक आहे.

म्हणून प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात नसलेली एक ओळख इथे करून देतो. कन्याकुमारीचे शिलास्मारक उभे करणारे एकनाथजी म्हणून तुम्ही त्यांना ओळखता. ज्या शहरात तुम्ही राहता, तिथे त्यांनी काय केले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

एकनाथ रामकृष्ण रानडे यांचा जन्म १९ नोव्हेंबर १९१४ रोजी अमरावती जिल्ह्यातील टिमटाळा या लहानशा गावी झाला. शिक्षणासाठी ते थोरल्या भावाकडे नागपूरला आले. १९२६ मध्ये, बारा वर्षांचे असताना, ते डॉ. हेडगेवारांच्या शाखेत जाऊ लागले. त्या काळची शाखा म्हणजे मुख्यतः शाळकरी आणि कॉलेजातली मुलेच. लहानांच्या गटाला थोडा मोठा मुलगा गटनायक असे. घरोघरी जाऊन मुलांना बोलावणे, कोण आला नाही ते पाहणे, त्याच्या घरी चौकशी करणे, हे काम पंधरा-सोळा वर्षांची मुले करीत. एकनाथजी माणसे जोडायला शिकले ते याच वयात.

पुढे त्यांनी तत्त्वज्ञानात एम.ए. केले. १९३८ मध्ये प्रचारक म्हणून ते महाकोशल भागात जबलपूरला गेले आणि तिथे काम करतानाच सागर विद्यापीठाची कायद्याची पदवी मिळवली. १९४८ साली संघावर बंदी आली तेव्हा भूमिगत राहून काम आणि सरकारशी बोलणी, अशी दुहेरी जबाबदारी त्यांच्यावर होती. सरदार पटेलांशीही त्यांची बोलणी झाली. १९५६ ते १९६२ ते सरकार्यवाह होते. हा सगळा काळ मी दोन ओळींत उरकतो आहे, कारण आपल्याला १९६३ च्या डिसेंबरात पोहोचायचे आहे.

१९६३ हे स्वामी विवेकानंदांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. स्वामीजींच्या विचारांचे एक इंग्रजी संकलन तयार करण्यासाठी एकनाथजींनी त्यांचे समग्र साहित्य वाचून काढले. याच सुमारास कन्याकुमारीचा प्रश्न त्यांच्यापुढे आला. १८९२ च्या डिसेंबरात स्वामीजी ज्या शिलेवर तीन दिवस ध्यानस्थ बसले होते, तिथे स्मारक व्हावे अशी तिथल्या लोकांची इच्छा होती. पण शिलेच्या हक्कावरून स्थानिक वाद पेटला होता, आणि तिथे बसवलेला स्मृतिफलक कुणीतरी तोडून समुद्रात टाकला होता. मद्रासचे मुख्यमंत्री भक्तवत्सलम परवानगी द्यायला तयार नव्हते. केंद्रातील सांस्कृतिक खात्याचे मंत्री हुमायून कबीर यांचे म्हणणे असे की, बांधकामाने शिलेचे नैसर्गिक सौंदर्य बिघडेल.

तुमच्या गटात दोन मुले एकमेकांशी बोलेनाशी होतील तेव्हा एकनाथजींनी पुढे काय केले ते आठवून पाहा. कबीर बंगालचे, म्हणून ते कोलकात्याला गेले आणि तिथल्या वृत्तपत्रांपुढे विषय मांडला. विवेकानंदांच्या स्मारकाला बंगालच्याच मंत्र्याचा विरोध आहे, हे बंगाली वाचकांना रुचणारे नव्हते. कबीरांचा विरोध मावळला. एकनाथजींनी त्यांच्याविरुद्ध आघाडी उघडली नाही.

मग दिल्ली. लालबहादूर शास्त्री तेव्हा मंत्रिमंडळाबाहेर होते. संसदेचा कल या स्मारकाच्या बाजूने आहे हे दिसले तर काम सोपे होईल, असे त्यांनी सुचवले. एकनाथजींनी निवेदन तयार केले आणि डिसेंबरच्या थंडीत खासदारांच्या भेटी सुरू केल्या. तीन दिवसांत ३२३ खासदारांच्या सह्या झाल्या. काँग्रेस, समाजवादी, साम्यवादी, वेगवेगळ्या धर्मांचे आणि प्रांतांचे लोक एकाच कागदावर आले. निवेदन पंडित नेहरूंपर्यंत पोहोचले आणि वाट मोकळी झाली.

ही गोष्ट शिबिरात सांगताना आपण बहुधा आकड्यावर थांबतो आणि मुले टाळ्या वाजवतात. मला वाटते, आकड्यापेक्षा त्यामागचा माणूस पाहावा. संघाची पार्श्वभूमी उघड असलेला कार्यकर्ता साम्यवादी खासदाराच्या दारात उभा राहतो, तेव्हा दार लागण्याची शक्यताच जास्त. पण त्यांनी कुणालाही आधीच विरोधकांच्या यादीत टाकले नाही. तुमच्या गटातही एक असा मुलगा असेल, ज्याला सगळे पहिल्याच दिवशी 'व्रात्य' ठरवून मोकळे होतात.

परवानगी मिळाली तीही जेमतेम. मुख्यमंत्री पंधरा फूट लांब-रुंद एवढ्याच बांधकामाला तयार होते. एकनाथजींनी वाद घातला नाही. कांचीच्या परमाचार्यांबद्दल मुख्यमंत्र्यांच्या मनात आदर आहे, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी आराखडा परमाचार्यांपुढे ठेवला, त्यांची संमती मिळवली आणि मोठ्या स्मारकाला मंजुरी मिळाली. स्थपती एस. के. आचारी यांच्या देखरेखीखाली शेकडो कारागिरांनी सुमारे सहा वर्षे दगड घडवले. खर्च सव्वा कोटी रुपयांहून अधिक झाला. मोठ्या देणग्या आल्या, बहुतेक राज्य सरकारांनीही मदत केली. तरी एकनाथजींचा आग्रह होता तो एकेका रुपयाचा. देशभरातील सुमारे तीस लाख लोकांनी किमान एक रुपया दिला. रुपया गोळा करणारा कार्यकर्ता प्रत्येक घरी पाच मिनिटे तरी विवेकानंदांविषयी बोलणार, हा हिशेब त्यामागे होता. तुमच्या घरी आजी-आजोबा असतील तर विचारून पाहा. कदाचित त्यांनीही तेव्हा शाळेत रुपया दिला असेल.

२ सप्टेंबर १९७० रोजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. इथे थांबले असते तरी एकनाथजींचे नाव राहिलेच असते. पण दगडी स्मारकानंतर त्यांना माणसांचे काम हवे होते. ७ जानेवारी १९७२ रोजी विवेकानंद केंद्र सुरू झाले. आयुष्य देऊ शकणारे तरुण-तरुणी हवेत, अशी जाहिरात त्यांनी वृत्तपत्रांत दिली. साठीकडे झुकलेला हा माणूस निवडलेल्या मुलामुलींना कन्याकुमारीला स्वतः शिकवायला बसला. या वर्गांतील त्यांच्या बोलण्यातूनच पुढे सेवा हीच साधना या विषयावरचे पुस्तक तयार झाले. प्रशिक्षण संपले की ज्या भागाची भाषाही येत नाही तिथे त्यांना पाठवले जाई. १९७७ मध्ये अरुणाचलात केंद्राच्या सात निवासी शाळा सुरू झाल्या. तिथे गेलेले बहुतेक विशीतले होते. डोंगरातली लहान मुले घर सोडून पहिल्यांदाच वसतिगृहात झोपायला आली आणि त्यांच्या उशाशी बसायला हे नवशिके ताई-दादा होते. तुमच्या शिबिरातली पहिली रात्र तशीच असेल, एवढेच की तुमच्या मुलांचे आईवडील तासाभराच्या अंतरावर असतील.

२२ ऑगस्ट १९८२ रोजी एकनाथजींचे मद्रासमध्ये निधन झाले. कन्याकुमारीला विवेकानंदपुरममध्ये, समुद्राच्या काठी त्यांची समाधी आहे. पुढे कधी केंद्राच्या शिबिराला तिथे गेलात तर पहाटे तिकडे चक्कर मारा. किनाऱ्यावरून शिला दिसते.