सेरेत्से खामा

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात कालाहारी वाळवंटाने व्यापलेला बोट्स्वाना हा देश आहे. ब्रिटिश अमलात या प्रदेशाला बेचुआनालँड म्हणत. बामांग्वाटो ही तेथील एक प्रबळ जमात. तिच्या राजघराण्यात १ जुलै १९२१ रोजी सेरोवे गावी सेरेत्से खामा यांचा जन्म झाला. ते चार वर्षांचे असताना वडील वारले आणि चुलते त्शेकेडी जमातीचा कारभार पाहू लागले.

पुढे कायद्याच्या अभ्यासासाठी सेरेत्से इंग्लंडला गेले. तेथे १९४८ मध्ये त्यांनी रूथ विल्यम्स या इंग्रज तरुणीशी विवाह केला. चुलत्यांना तो मान्य नव्हता. प्रश्न जमातीच्या सभेपुढे गेला. आरंभी विरोध झाला. परंतु १९४९ मधील सभेने सेरेत्से यांच्या बाजूने कौल दिला. जमातीने ज्यांना स्वीकारले, त्यांना ब्रिटिश सरकारने मात्र नाकारले. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचा पुरस्कार करणारे सरकार होते आणि तेथील सोने व युरेनियम यांसाठी ब्रिटनला त्याची मर्जी राखावयाची होती. १९५० मध्ये सेरेत्से यांना चर्चेसाठी लंडनला बोलावून घेण्यात आले आणि मायदेशाची दारे त्यांना बंद करण्यात आली. अखेर १९५६ मध्ये गादीवरील हक्क सोडून, एक सामान्य नागरिक म्हणून ते परतले.

१९६२ मध्ये त्यांनी राजकीय पक्ष स्थापन केला. ३० सप्टेंबर १९६६ रोजी देश स्वतंत्र झाला व ते पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या हाती आलेला देश अत्यंत दरिद्री होता. दुष्काळाने गुरे मेली होती, आणि गुरे हेच तेथील धन. असंख्य पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत मजुरीला जात. पक्के रस्ते नाममात्र होते. सरकारचा नित्याचा खर्चही ब्रिटनच्या अनुदानावर चाले. इतकेच काय, या प्रदेशाचा कारभार वर्षानुवर्षे देशाबाहेरील माफेकिंग शहरातून चालत असे. त्यामुळे गॅबोरोन ही राजधानी नव्याने वसवावी लागली.

१९६७ मध्ये ओरापा येथे हिऱ्यांचा मोठा साठा सापडला. ही भूमी बामांग्वाटो जमातीची, म्हणजे सेरेत्से यांच्याच आप्तस्वकीयांची होती. तरीही त्याच वर्षीच्या कायद्याने खनिजांवरील हक्क जमातींकडून राष्ट्राकडे आले. हे सोपे नव्हते. खनिजांच्या वाटणीवरून आफ्रिकेतील अनेक देशांत रक्तपात झाला. बोट्स्वानात तो टळला. खाणकंपनीत सरकारचा वाटा आरंभी १५ टक्के होता. नव्याने वाटाघाटी करून १९७५ मध्ये तो ५० टक्क्यांवर नेण्यात आला. या उत्पन्नातून शाळा, दवाखाने व रस्ते उभे राहिले.

१९७६ मध्ये देशाने स्वतःचे चलन सुरू केले. त्याला 'पुला' हे नाव देण्यात आले. स्थानिक भाषेत पुला म्हणजे पाऊस. वाळवंटातील लोकांना त्याहून मोलाचे काय असणार! १३ जुलै १९८० रोजी, राष्ट्राध्यक्षपदावर असतानाच, सेरेत्से खामा यांचे निधन झाले. ज्या सेरोवे गावी परतण्यास त्यांना एकेकाळी बंदी होती, तेथेच त्यांचे दफन करण्यात आले.